विश्लेषण : मारेकऱ्यांना क्षमा केली, मग शिक्षा कशाला? ख्रिस्ती धर्मातील पाप, कृपा आणि क्षमा म्हणजे नेमके काय?

ओडिशातील ग्रॅहम स्टेन्स हत्याकांडातील दोषी महेंद्र हेम्ब्रम याची एप्रिल २०२५ मध्ये चांगल्या वर्तणुकीमुळे तुरुंगातून सुटका झाली. मुख्य दोषी दारा सिंह यानेही मुदतपूर्व सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आहे. स्टेन्स यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना १९९९ मध्येच क्षमा केली होती. ‘बायकोनेच माफ केले, मग शिक्षा कशाला?’ असा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. त्याचे उत्तर ख्रिस्ती धर्माच्या एका जुन्या शिकवणीत आहे.

नेमके काय घडले होते?

ऑस्ट्रेलियाचे मिशनरी ग्रॅहम स्टेन्स १९६५ पासून मयूरभंज जिल्ह्यात बारीपदा येथे कुष्ठरुग्णांमध्ये काम करत होते. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री केओंझर जिल्ह्यातील मनोहरपूर गावात ते आणि फिलिप (१०) व टिमोथी (६) ही त्यांची मुले मोटारीत झोपली होती. जमावाने मोटार पेटवली. तिघेही जळून मरण पावले.

ग्लॅडिस आणि १३ वर्षांची मुलगी एस्थर मागे राहिल्या. आपल्या मनात मारेकऱ्यांबद्दल कटुता नाही, त्यांना क्षमा केली आहे, असे ग्लॅडिस यांनी जाहीर केले. त्या २००४ पर्यंत भारतातच राहिल्या, कुष्ठरुग्णांचे काम चालू ठेवले. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

२००३ मध्ये खुर्दा येथील न्यायालयाने दारा सिंहला फाशी सुनावली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली, हेम्ब्रमची जन्मठेप कायम ठेवली आणि इतर ११ जणांना सोडले. जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. या काळात ग्लॅडिस यांची भूमिका बदलली नाही. क्षमा ही एक गोष्ट आणि गुन्ह्याचे परिणाम ही दुसरी; दोन्हींची गल्लत करू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

पाप म्हणजे कर्ज?

ख्रिस्ती धर्मात पापाला अनेक प्रतिमा आहेत. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतील ‘हामार्तिया’ या शब्दाच्या मुळाशी नेम चुकणे हा अर्थ आहे. पण क्षमा समजून घ्यायला जास्त उपयोगी पडते ती कर्जाची प्रतिमा. येशू बोलत असे त्या अरामी भाषेत कर्ज आणि पाप या दोन्हींसाठी एकच शब्द होता. मत्तयच्या शुभवर्तमानातील प्रभूच्या प्रार्थनेतही कर्जाचाच शब्द येतो, आणि मराठी बायबलने तिथे ‘ऋण’ असाच शब्द ठेवला आहे. सावकारीचा इतिहास ठाऊक असलेल्या महाराष्ट्राला ही प्रतिमा वेगळी समजावून सांगावी लागू नये.

मत्तयच्याच १८व्या अध्यायात एक दृष्टांत आहे. एका सेवकावर राजाचे १० हजार टॅलेंटचे कर्ज असते. एक टॅलेंट म्हणजे सुमारे ६ हजार दिनार आणि एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे हे कर्ज झाले ६ कोटी दिवसांच्या मजुरीइतके! ते फिटणे शक्यच नाही. राजा सगळे माफ करतो. हाच सेवक बाहेर पडतो आणि १०० दिनारांसाठी दुसऱ्या सेवकाचा गळा धरतो. राजाला हे कळते तेव्हा माफी रद्द होते.

म्हणजे क्षमा फुकट मिळते, पण ती घेणाऱ्याला पुढे द्यावीही लागते. ग्लॅडिस यांच्यासारख्या श्रद्धावान ख्रिस्ती व्यक्तीसाठी क्षमा करणे हा निव्वळ मोठेपणा नसतो, ते देणेच असते.

मग ‘कृपा’ कशाला म्हणतात?

कृपेसाठीचा ग्रीक शब्द ‘खारिस’. अर्थ : मेहेरबानी, देणगी. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हा विचार सविस्तर मांडला आहे. मजुरी कमावली जाते, देणगी कमावता येत नाही. तारण ही देणगी आहे, असा त्याचा युक्तिवाद. ईश्वराची कृपा मराठी भक्तिपरंपरेला परकी नाही. फरक हा, की ख्रिस्ती शिकवणीत ही कृपा येशूच्या क्रुसावरील मृत्यूशी जोडलेली आहे. कर्ज हवेत विरत नाही, ते स्वतः देवाने सोसले, असे ती मानते.

यावर भांडणेही खूप झाली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलाजियस म्हणत होता, की माणूस ठरवले तर स्वतःच्या बळावर चांगला वागू शकतो. ऑगस्टीनचे म्हणणे, माणसाची इच्छाशक्तीच आदिपापाने दुबळी झाली आहे. चांगले वागण्याची इच्छासुद्धा कृपेनेच होते. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची मते फेटाळली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चने मात्र ऑगस्टीनची आदिपापाची मांडणी जशीच्या तशी कधीच घेतली नाही.

१५१७ मध्ये मार्टिन ल्यूथरने पापाच्या शिक्षेत सवलत देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवर हल्ला चढवला आणि युरोपातील चर्च दुभंगले. प्रोटेस्टंटांचे म्हणणे : केवळ श्रद्धेने, केवळ कृपेने. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या धर्मसभेत (१५४५-६३) उत्तर दिले : कृपा आधी हे खरेच, पण माणसाने तिला साथ द्यावी लागते. या वादावर समेटाचा संयुक्त जाहीरनामा लुथरन आणि कॅथलिकांनी ऑग्सबर्ग येथे ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी केला. मूलभूत मुद्द्यांवर आपले एकमत आहे, हे म्हणायला त्यांना पावणेपाचशेहून अधिक वर्षे लागली.

पश्चात्तापाशिवाय क्षमा मिळते का?

इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. एक, दुखावलेल्या माणसाने मनातला दावा सोडणे. याला समोरच्याच्या पश्चात्तापाची वाट पाहावी लागत नाही. दुसरी, तुटलेले नाते जुळणे. ते पश्चात्तापाशिवाय होत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या गोष्टीत बाप मुलाचा माफीनामा पुरा होण्याआधीच त्याला मिठी मारतो. पण मुलगा परत फिरलेला असतो, हे विसरता येत नाही.

कॅथलिक परंपरेत याची रीतसर पद्धत आहे. गोव्यात जिला ‘कुमसार’ म्हणतात, त्या पापनिवेदनात चार गोष्टी येतात : मनापासून पश्चात्ताप, धर्मगुरूपुढे कबुली, क्षमादान आणि भरपाईदाखल प्रायश्चित्त. चोरलेले परत करायचे असते. बहुतेक प्रोटेस्टंट पंथांत धर्मगुरूपुढील कबुलीची सक्ती नाही. देवापुढे थेट कबुली दिली जाते.

‘स्वस्त कृपा’ हा आक्षेप काय?

चर्चच्या आतूनच आलेला हा सर्वांत टोकदार आक्षेप. जर्मन धर्मपंडित डिट्रिख बोनहॉफर याने १९३७ च्या पुस्तकात ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरला. पश्चात्ताप नको, बदल नको, नुसती माफी हवी, अशी ती वृत्ती. नाझी राजवटीपुढे मान तुकवणारे चर्च त्याच्या डोळ्यांसमोर होते. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्याला फाशी दिली.

हा आक्षेप आज लैंगिक अत्याचारांच्या संदर्भात पुन्हा उभा राहिला आहे. मुलांवरील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियातील शाही आयोगाचा अहवाल डिसेंबर २०१७ मध्ये आला. काही अत्याचारी पापनिवेदनात कबुली देत, क्षमा घेत आणि पुन्हा तोच गुन्हा करत, अशी साक्ष आयोगापुढे झाली होती. अशी माहिती पोलिसांना कळवणे धर्मगुरूंनाही बंधनकारक करावे, अशी शिफारस आयोगाने केली. काही राज्यांनी तसे कायदे केले; पापनिवेदनाची गुप्तता मोडता येणार नाही, ही व्हॅटिकनची भूमिका कायम आहे. गुप्ततेमागचे कारण समजण्यासारखे आहे. पण पीडित मुलाला ‘तू क्षमा कर’ म्हणणे आणि अत्याचाऱ्याला दुसऱ्या गावी बदलून पाठवणे, हे शिकवणीच्या नावावर केलेले पाप लपवणेच होते.

भारतीय कायदा या क्षमेला किती मोजतो?

जवळपास शून्य. खून हा तडजोडीने मिटवता येणारा गुन्हा नाही. तो राज्याविरुद्धचा गुन्हा मानला जातो. कुटुंबाने माफ केले म्हणून खटला थांबत नाही. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, तर किमान १४ वर्षे तुरुंगात काढल्यावरच राज्य सरकार मुदतपूर्व सुटकेचा विचार करू शकते. तिथे वर्तणूक, वय, गुन्ह्याचे स्वरूप पाहिले जाते. हेम्ब्रम याच मार्गाने सुटला.

दारा सिंहच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ओडिशा सरकारला नोटीस बजावली. दोन दशकांपूर्वीच्या कृत्याचा आपल्याला खेद आहे, असे त्या याचिकेत त्याने म्हटले आहे.