सीसीएनए परीक्षा : पाठांतर नको, हात बसवा

आज लहानशा दुकानातही बिलाचे यंत्र, कॅमेरे व हिशेबाचा संगणक एकमेकांस जोडलेले असतात. ही जोडणी करणे व बिघडल्यास दुरुस्त करणे म्हणजे नेटवर्किंग. हा मुळात हाताचा हुन्नर आहे, म्हणून कारागिरांच्या घरांतील मुलांनी त्याकडे जरूर पाहावे, असे आम्हास वाटते.

या कामात सिस्को कंपनीचे सीसीएनए हे प्रमाणपत्र १९९८ पासून चालत आले आहे. २०२० च्या फेब्रुवारीपासून त्यासाठी २००-३०१ या क्रमांकाचा एकच पेपर असतो. वेळ १२० मिनिटे. पदवीची अट नाही. प्रमाणपत्राची मुदत ३ वर्षे. फी मात्र ३०० डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांहून अधिक. नापास झाल्यास ती पुन्हा भरावी लागते. घरची शिल्लक मोडून भरलेली ही रक्कम वाया जाऊ नये, यासाठीच हा लेख.

बाजारात ‘परीक्षेतील हुबेहूब प्रश्न’ म्हणून संच विकले जातात. ते घेऊ नयेत. त्यांचा वापर परीक्षेच्या कराराविरुद्ध आहे. उघडकीस आल्यास निकाल रद्द होऊन पुढे बंदीही येऊ शकते. शिवाय पाठांतराने पास झालेला मुलगा गिऱ्हाइकाच्या दुकानात बंद पडलेल्या यंत्रासमोर काय करणार? नुसती मापे पाठ करून कोणी शिंपी होत नाही. कापडावर कात्री चालवावीच लागते.

मग सराव कसा करावा? सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवल्यास ‘पॅकेट ट्रेसर’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात पडद्यावरच राउटर, स्विच व संगणक मांडून जोडता येतात. महागडे सामान विकत घेण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट सबनेटिंगची, म्हणजे पत्त्यांच्या वाटणीची. २५६ पत्त्यांचे चार समान भाग केले तर प्रत्येकात ६४ पत्ते येतात. त्यांतील पहिला व शेवटचा राखीव असल्याने यंत्रांसाठी ६२ उरतात. अशी दहा उदाहरणे रोज कागदावर सोडवावीत, कारण परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. घड्याळ लावून सराव-पेपर सोडवावा. एकदा पुढे गेल्यावर मागील प्रश्नाकडे परतता येत नाही, ही सवय आधीच करावी. पेपर मराठीत वा उर्दूत नसतो. त्यामुळे त्या माध्यमांतील मुलांनी रोज थोडे इंग्रजी तांत्रिक वाचन ठेवावे.

शेवटी पालकांसाठी एक कसोटी. मुलाने पडद्यावर चालते नेटवर्क उभे करावे. मग त्याने पाठ फिरवावी आणि त्याच्या मित्राने त्यात गुपचूप एक चूक घालावी : एखादा पत्ता बदलावा किंवा तार काढावी. मुलाने दोष शोधून तो का झाला हे आपल्याला साध्या भाषेत समजावले, तरच फीचे पैसे काढावेत. नाही जमले, तर आणखी महिनाभर सराव करू द्यावा. वाट पाहण्यास काही पैसे पडत नाहीत.