काच लावली म्हणजे इमारत मॉडर्न होते का? समजून घ्या, चांगली सरकारी इमारत कशी ओळखायची

पलसाणा (सुरत) : मे महिन्यात एका सरकारी कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो होतो. इमारत नवी कोरी. समोरून वरपासून खालपर्यंत निळी काच. रांग मात्र बाहेर, भर उन्हात. वरून ऊन आणि काचेवरून परतलेली झळ तोंडावर. माझ्यापुढे उभ्या असलेल्या खान्देशातल्या आजी म्हणाल्या, "बिल्डिंग ते मोठी बांधी, पन सावली कोठे शे, भाऊ?"

आजींचा प्रश्न साधा वाटतो, पण आधुनिक वास्तुकलेचा पायाच तो आहे.

ही कला आली कुठून?

१९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमार गावी वास्तुकार वॉल्टर ग्रोपियस यांनी 'बाउहाउस' नावाची शाळा काढली. पॉल क्ली, कांडिन्स्की यांच्यासारखे चित्रकार तिथे शिकवायचे. सुतारकाम, धातुकाम आणि हातमागावरचं विणकामही होतं. म्हणजे आपल्या सुरत-कडोदऱ्याच्या कापडवाल्यांना जवळचीच गोष्ट. शिकवण अशी, की कला आणि कारागिरी वेगळी नाही. वस्तूचा उपयोग आधी, नक्षी नंतर.

कोकणातला माणूस, गुजरातची इमारत

सिंधुदुर्गातल्या आचऱ्यात १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे हे कलाशिक्षकाचे चिरंजीव. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. तिथे त्यांना ग्रोपियसच गुरू लाभले. परत आल्यावर अहमदाबादेत कापड गिरण्यांसाठी संशोधन करणाऱ्या 'अटिरा' संस्थेची इमारत त्यांनी १९५० च्या दशकात उभी केली. पुढे आयआयटी कानपूर, राहुरीचं कृषी विद्यापीठ, मेहसाण्याची दूधसागर डेअरी ही कामंही त्यांचीच. डेअरीच्या छपरावर दिसणारे उंच धुराड्यांसारखे भाग शोभेचे नाहीत; आतली गरम हवा त्यातून वर निघून जाते.

अहमदाबादेतच फ्रान्सच्या ल कॉर्बुझिए यांनी गिरणी मालकांच्या संघासाठी बांधलेली इमारत १९५४ मध्ये पूर्ण झाली. कॉर्बुझिए स्वतः चित्रकारही होते. या इमारतीच्या पश्चिम बाजूला काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या तिरक्या लावल्यात. दुपारनंतरचं ऊन खाली उतरून येतं, वरचा छज्जा ते अडवू शकत नाही. उभी पट्टी अडवते. पूर्वेला साबरमती, म्हणून तिकडच्या पट्ट्या सरळ ठेवल्या, वारा आत यावा यासाठी.

त्यांच्या हाताखाली काम केलेले, पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांना २०१८ मध्ये प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. वास्तुकलेतला हा जगातला मोठा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

मग आपल्याकडे काच का?

काच दिसायला चकाचक आणि फोटोत उठून दिसते. थंड देशात ती ऊन आत घेते, तिथे ते हवंच असतं. आपल्याकडे तीच काच उष्णता आत कोंडते आणि मग एसी लावावा लागतो. कॉमर्सवाला म्हणून हिशेब सांगतो : बांधकामाचा खर्च एकदाच होतो, वीजबिल दर महिन्याला येतं. आणि ते आपल्याच कराच्या पैशातून भरलं जातं.

पाच प्रश्न विचारा

पंचायत घर, शाळा किंवा दवाखान्याच्या नव्या इमारतीचा विषय ग्रामसभेत निघाला, की नुसती रक्कम ऐकून हात वर करू नका. नकाशा मागा आणि विचारा :

१. लोक रांगेत कुठे उभे राहतील? तिथे सावली आणि बसायला जागा आहे का?
२. पश्चिमेचं ऊन कशानं अडवलंय?
३. लाईट गेली तर आत उजेड-वारा राहील का?
४. म्हातारं माणूस, व्हीलचेअरवालं माणूस आत कसं जाईल?
५. पावसाळ्यात पाणी कुठून निघून जाईल? गळती लागली तर दुरुस्ती कोण करणार?

यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. नवापूरच्या अलीकडे असा की पलीकडे, ऊन-पाऊस तोच आहे. इमारत कागदावर आहे तोवरच बोलायची वेळ असते. एकदा काच बसली, की रांगेत आपणच उभे राहणार.