मागच्या दाराचा तलाव

मे महिन्यात कोकणातल्या बहुतेक नद्यांत गोटेच दिसतात. कुठे एखाद्या कोंडीत हिरवट पाणी, बाकी रखरखाट. कोलाडजवळची कुंडलिका मात्र ऐन उन्हाळ्यातही सकाळी दोन्ही काठ धरून वाहते. राफ्टिंगवाले तुम्हाला एकच गोष्ट बजावतात: वेळेवर या, पाणी आपली वाट बघत नाही. ते खरंच आहे. पाणी सुटतं आणि ओसरतं, ते वर भिऱ्याच्या वीजघरातली जनित्रं किती वेळ फिरतात त्यावर. आणि मुळात ते पाणी कुंडलिकेचं नाहीच. ते मुळेचं आहे, पुणे जिल्ह्यातल्या मुळशीचं.

नकाशा काढून बसलं की गंमत कळते. मुळशीच्या तलावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर. पण मुळा त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. पुण्यात मुठेला भेटते, पुढे भीमा, मग कृष्णा, आणि हजार किलोमीटरहून जास्त चालून बंगालच्या उपसागराला मिळते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचं आपलं पठार पूर्वेकडे हळूच कललेलं आणि पश्चिमेकडे कापल्यासारखं तुटलेलं. त्या तुटलेल्या कडेला आपण घाटमाथा म्हणतो. समुद्रावरून आलेले ढग या कड्याला धडकून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. ताम्हिणीत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून गाडीने दीड-दोन तासांवरच्या पुण्यात त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाही पडत नाही. पौड रस्त्याने ताम्हिणीहून परतताना भाताची खाचरं मागे पडत जातात आणि पुण्याकडचे डोंगरउतार पिवळे पडत जातात, तो हाच हिशेब.

इतका पाऊस आणि त्याच्या शेजारी इतका खोल कडा! टाटांच्या अभियंत्यांनी नेमकी हीच जोडी हेरली. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली सोडलं तर साधारण सव्वा युनिट वीज मिळते. तेच पाणी मुळेच्या पात्राने पुण्यापर्यंत नेलं तर शंभर मीटरचाही उतार हाती लागत नाही. म्हणून मुळशीच्या तलावाची रचना उलटी आहे. धरणाची भिंत पूर्वेला, नदीच्या वाटेवर. पाणी मात्र निघतं पश्चिमेच्या टोकाकडून, डोंगरातल्या बोगद्यातून आणि कड्यावरून उतरणाऱ्या नळांमधून. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार उघडं. 1915 मध्ये खोपोली, 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा, अशी ही वीजघरांची माळ तयार झाली. कोळशाच्या खाणी मुंबईपासून फार लांब, देशाच्या पूर्वेला. त्यामुळे गिरण्यांच्या मुंबईला घाटमाथ्यावरचा पाऊस हाच जवळचा कोळसा ठरला.

मुंबईसारखं मोठं शहर समजून घ्यायचं तर आपण त्याच्या आतल्या खुणा मोजतो, त्याला बाहेरून पोसणारं पाणी पाहत नाही. जपानच्या शहरांबद्दल तर हे हमखास होतं, आणि ते चुकीचंही नाही. देशाचा बहुतेक भाग डोंगराळ असल्यामुळे तिथली महानगरं मोजक्या मैदानांत दाटलेली आहेत. कोबे शहर रोक्को डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत बसलेलं. तिथे लोक पत्ता सांगताना उत्तर-दक्षिण म्हणण्याऐवजी ‘डोंगराकडची बाजू’, ‘समुद्राकडची बाजू’ असं म्हणतात. आपणही कुणाला सांगतो की ‘टेकडीच्या बाजूने या’, तसंच. टोकियोत फुजी पर्वत दिसतो म्हणून ‘फुजिमिझाका’ नाव पडलेले कितीतरी चढ आहेत. आज त्यांतल्या बहुतेकांवरून फुजीच्या जागी इमारतीच दिसतात.

मला मात्र मुळशीचा विचार करताना क्योतो आठवतं. 1869 मध्ये राजधानी टोकियोला गेली आणि क्योतोची रया गेली. शहर सावरायला तिथल्या प्रशासनाने डोंगरापलीकडच्या बिवा सरोवराचं पाणी आणायचं ठरवलं. साकुरो तानाबे या तरुण अभियंत्याच्या देखरेखीखाली डोंगरात बोगदे खणून 1890 मध्ये कालवा पुरा झाला. दुसऱ्याच वर्षी कालव्याच्या उतारावर केआगे इथे वीजघर उभं राहिलं आणि 1895 मध्ये क्योतोत जपानमधली पहिली विजेची ट्राम धावू लागली. युक्ती तीच: डोंगरापलीकडचं पाणी, डोंगरातला बोगदा आणि अलीकडचं शहर. बिवा सरोवर शिगा प्रांतात आहे, आणि पाण्याबद्दल क्योतो शहर त्या प्रांताला आजही दरवर्षी रीतसर ‘कृतज्ञता निधी’ देतं.

मुळशीच्या वाट्याला काय आलं? पन्नासच्या आसपास गावांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती, आणि ती साधी जमीन नव्हती, आंबेमोहोराची होती. 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. 1924 पर्यंत लढा विझला आणि धरण झालं. जगातल्या सुरुवातीच्या धरणविरोधी लढ्यांत त्याची गणना होते, पण घाटात कणीस खाणाऱ्या किती जणांना ते ठाऊक असतं?

दुसरीकडे पुणे मुळशीत शिरतच राहिलं. टेकड्यांनी वेढलेलं हे शहर पश्चिमेला वाढताना जिथे फट सापडली तिथून वाहत गेलं: चांदणी चौकाच्या खिंडीतून भूगाव, पिरंगुट, पौड, उत्तरेच्या अंगाने हिंजवडी, माण, मारुंजी. ही सगळी गावं मुळशी तालुक्यातली. त्या जमिनी विकलेल्यांचं पुढे काय झालं, ते 2018 च्या ‘मुळशी पॅटर्न’ने पडद्यावर आणलं. गमतीचा भाग असा की या वाढत्या शहराच्या नळाला मुळशीच्या तलावाचं पाणी नाही. पुणे पितं मुख्यतः खडकवासल्याच्या साखळीचं, पिंपरी-चिंचवड मुख्यतः पवनेचं. मुळशीचं पाणी पूर्वेकडे द्या, ही मागणी म्हणूनच पुन्हा पुन्हा डोकं वर काढते.

तसं पाहिलं तर मुळशीचं थोडं पाणी कड्यावर परतही चढतं. भिऱ्याला नंतर बसवलेलं 150 मेगावॉटचं यंत्र दोन्ही दिशांना चालतं. विजेची मागणी कमी असली की ते पंप होतं आणि खालच्या तळ्यातलं पाणी पुन्हा घाटमाथ्यावर, मुळशीच्या तलावात ढकलतं. तिथे ते पाणी मुळेच्या बाजूच्या भिंतीशी थांबून राहतं. मुंबईत एसी सुरू झाले की पुन्हा मागच्या दाराने खाली.