वस्तीचं कलादालन: उंबरठा, भिंत आणि किल्ली

कलादालन म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काचेचा दरवाजा, गार हवा आणि टेबलामागे बसलेला एक माणूस येतो. "काय घ्यायचंय?" असं तो विचारत नाही, पण चेहऱ्यावर तेच असतं. आपल्या कोठी-सुलतान बाजारातली माणसं अशा दारापाशी थबकतात आणि पुढे जातात. म्हणून वस्तीचं, नफा न घेणारं कलादालन म्हणजे काय, ते कसं चालतं आणि आपल्या भागात त्यासाठी काय तयार आहे, काय नाही, हे या लेखात सरळ मांडतो. मी पेशाने इंजिनिअर. इमारतीत शिरताना मला आधी पायरी दिसते, मग चित्र. या विषयात ती सवय उपयोगी पडली.

तीन वेगळ्या गोष्टी

चित्रं दाखवणाऱ्या जागा ढोबळमानाने तीन प्रकारच्या. पहिलं व्यापारी दालन. ते चित्र विकतं आणि विक्रीतला मोठा हिस्सा, साधारण तिसऱ्यापासून निम्म्यापर्यंत, स्वतःकडे ठेवतं. त्यात वाईट काही नाही, ते दुकान आहे. दुसरं वस्तुसंग्रहालय. त्याच्याकडे स्वतःचा संग्रह असतो आणि तो सांभाळणं हे त्याचं पहिलं काम. आपलं सालारजंग म्युझियम बघा. तिसऱ्या सालारजंगांचा संग्रह 16 डिसेंबर 1951 रोजी दिवाण देवडीत लोकांसाठी खुला झाला आणि 1968 मध्ये मुसीकाठच्या सध्याच्या इमारतीत आला. तिथे तासाचे टोले पडायच्या आधी त्या प्रसिद्ध घड्याळासमोर गर्दी जमते, गावाकडची, शहरातली, सगळी. हैदराबादच्या माणसाला बघायची आवड नाही, असं कोणी म्हणू नये.

तिसरा प्रकार वस्तीच्या कलादालनाचा. त्याच्याकडे विकायला माल नसतो, बहुधा संग्रहही नसतो. असतात त्या भिंती, आणि त्या भिंतींवर काय लागावं हे ठरवणारी माणसं त्याच भागातली. पैसा येतो देणगीतून, वर्गणीतून, सभागृहाच्या भाड्यातून. उरला तर पुढच्या प्रदर्शनात जातो, कोणाच्या खिशात नाही. असं दालन चांगलं की वाईट हे तिथल्या चित्रांच्या किमतीवरून ठरत नाही. शेजारच्या गल्लीतलं कोण आत आलं आणि दुसऱ्यांदा आलं का, यावरून ठरतं.

व्हाइटचॅपलचा दरवाजा

या कल्पनेचं सर्वात चांगलं जुनं उदाहरण लंडनच्या पूर्व भागातलं, व्हाइटचॅपलचं. गोदी कामगार, शिलाई करणारे, रशियातून पळून आलेले गरीब ज्यू, अशी ती वस्ती. तिथल्या सेंट ज्यूड चर्चचे पाद्री सॅम्युएल बार्नेट आणि त्यांच्या पत्नी हेन्रिएटा यांनी 1881 पासून ईस्टरच्या सुमारास शाळेच्या खोल्यांत चित्रप्रदर्शनं भरवायला सुरुवात केली. चित्रं मोठ्या चित्रकारांकडून आणि श्रीमंत घरांतून उसनी आणायची, काही आठवडे लावायची, परत करायची. कामगार दिवसा येणार नाही हे उघड होतं, म्हणून संध्याकाळी दार उघडं ठेवलं. रविवारीही उघडं ठेवलं, आणि त्यावरून धर्मनिष्ठ मंडळींचा रोष ओढवून घेतला. पाद्रीच रविवारी चित्रं दाखवतो म्हणजे काय!

वीस वर्षांच्या या अनुभवावर 12 मार्च 1901 रोजी व्हाइटचॅपल गॅलरी उभी राहिली. वास्तुविशारद चार्ल्स हॅरिसन टाउनसेंड. मला महत्त्वाची वाटते ती तिची दर्शनी बाजू. त्या काळातल्या संग्रहालयांना खांब आणि पायऱ्यांची उतरंड असे. इथे दरवाजा थेट रस्त्याच्या पातळीवर. बाजारातून चालता चालता माणूस आत. शेजारी 1892 चं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे पुस्तकासाठी येणाऱ्याला चित्र सहज भेटावं. पहिल्याच प्रदर्शनाला 2,06,000 माणसं आली.

पुढे काय दाखवलं तेही बघण्यासारखं आहे. 1906 मध्ये ज्यू कला आणि पुरातन वस्तूंचं प्रदर्शन झालं. ज्या लोकांना शहर "उपरे" म्हणत होतं, त्यांच्याच वस्तीत त्यांचीच कला. 1939 च्या जानेवारीत पिकासोचं 'गेर्निका' इथे लागलं, तेव्हा स्पेनमधल्या लढवय्यांसाठी बुटांचे जोड मागितले गेले आणि लोकांनी ते चित्रासमोर आणून ठेवले. जगातलं नामांकित चित्र आणि त्याच्या पायाशी कामगारांचे बूट, हे वस्तीच्या दालनातच घडू शकतं. 2009 मध्ये शेजारच्या जुन्या वाचनालयाची इमारतही गॅलरीत सामील झाली.

मुंबईतल्या दोन वाटा

आपल्याकडचं जवळचं नाव जहांगीर आर्ट गॅलरी. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ ती उभी राहिली. 21 जानेवारी 1952 रोजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांच्या हस्ते उद्घाटन झालं. व्यवस्था अशी की चित्रकार आठवड्यापुरतं दालन भाड्याने घेतो आणि बघणाऱ्याला प्रवेश फुकट. त्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडच्या, कोणत्याही व्यापारी दालनाशी ओळख नसलेल्या चित्रकारालाही तिथे भिंत मिळू शकते. मात्र रांग इतकी मोठी की पाळी यायला वर्षं लागतात. रांगेत नसलेल्यांनी बाहेरच्या फुटपाथलाच दालन केलं. फुकट प्रवेश आणि परवडणारी भिंत एवढ्या दोन गोष्टींनी काय होतं, हे जहांगीरने दाखवलं. पण काळा घोडा ही राहती वस्ती नव्हे. तिथे येणारा मुद्दाम येतो.

दुसरी वाट धारावीची. 15 फेब्रुवारी ते 7 मार्च 2015 या काळात 'स्नेहा' या संस्थेने धारावीतच 'अ‍ॅली गल्ली बिएनाले' भरवलं. विषय आरोग्याचा. चित्रकारांनी बाहेरून काही आणून लावलं नाही, रहिवाशांबरोबर आधी कामाच्या बैठका घेतल्या आणि त्यातून ज्या वस्तू झाल्या त्या मांडल्या. बायकांनी कापडावर धारावीचा नकाशा केला आणि घरातल्या मारहाणीच्या जागा त्यावर टाक्यांनी दाखवल्या. सरकारी अहवालात जो आकडा असतो, तो इथे शेजारणीच्या हातचा टाका झाला. जहांगीरमध्ये वस्ती प्रेक्षक असते. धारावीत वस्ती कर्ती होती. आपल्याला शिकायचं ते दोन्हींकडून.

कोठीत काय घडलं

आता आपल्या भागाकडे येऊ. कोठी हे नावच एका इमारतीचं. 1803 च्या सुमारास रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिकने जी प्रचंड रेसिडेन्सी बांधायला घेतली, ती लोकांच्या तोंडी 'कोठी' झाली. मद्रास इंजिनिअर्सच्या सॅम्युएल रसेलने ती रचली. सहा उंच कोरिंथियन खांब, रुंद पायऱ्या, दोन्ही अंगांना सिंह. इंजिनिअर म्हणून मी सांगतो, या पायऱ्या चढायच्या सोयीसाठी नाहीत. खाली उभ्या माणसाला तो किती लहान आहे हे कळावं म्हणून आहेत. व्हाइटचॅपलचा दरवाजा नेमका याच्या उलट. आत बागेत याच इमारतीची एक छोटी प्रतिकृती आहे. कर्कपॅट्रिकची बेगम खैरुन्निसा पडद्याबाहेर येऊ शकत नव्हती, तिला दर्शनी बाजू दिसावी म्हणून ती केली, असं सांगतात. ज्याला दारापर्यंत येता येत नाही त्याच्यापर्यंत वस्तू न्यायची, ही कल्पना कोठीत तेव्हापासून आहे म्हणायची!

1949 मध्ये या इमारतीत महिला महाविद्यालय आलं आणि त्या पायऱ्या मुलींच्या झाल्या. अलीकडे वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या मदतीने तिची दुरुस्तीही झाली.

रेसिडेन्सीमुळे दुसरी एक गोष्ट घडली. आजूबाजूचे बाजार रेसिडेंटच्या अंमलाखाली होते. ते 1933 मध्ये निजामाला परत मिळाले आणि रेसिडेन्सी बाजाराचा सुलतान बाजार झाला. निजामी हद्दीत सभेला, संस्थेला परवानग्यांची कटकट. गश्ती निशान 53 तर त्यासाठी कुप्रसिद्ध होतं. इथे हात थोडा सैल होता, म्हणून तेलुगू, मराठी, कन्नड संस्था याच दोन-तीन मैलांत दाटीवाटीने उभ्या राहिल्या. 1901 मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम सुरू झालं. त्यामागच्या प्रमुख माणसांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव हे नागपुरात शिकलेले आणि मराठीत लिहिणारे. 1907 मध्ये विवेक वर्धिनी, 1922 मध्ये मराठी ग्रंथ संग्रहालय. 1931 चं मराठी साहित्य संमेलन डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादलाच भरलं.

सालं जुळवून बघा. व्हाइटचॅपलला दालन मिळालं त्याच 1901 मध्ये आपल्या भागाला भाषा निलयम मिळालं. तिथे वाचनालयाशेजारी दालन आलं. इथे वाचनालयाशेजारी आणखी वाचनालय आलं. कारण समजण्यासारखं आहे. भाषा हीच तेव्हा लढाई होती. चित्र मागे राहिलं. चित्रकार व्हायचं तर हैदराबादचा मुलगा मुंबईच्या जे. जे. मध्ये जायचा. पी. टी. रेड्डी तसेच गेले, 1941 मध्ये तिथल्या तरुण चित्रकारांच्या गटात गाजले, आणि परत आल्यावर नारायणगुड्यात 'सुधर्मा' या आपल्या घरातच त्यांनी चित्रांना जागा केली. म्हणजे वस्तीत चित्र आलं ते एका चित्रकाराच्या घराच्या आधाराने.

एक दालन मात्र आपण दरवर्षी उभारतो आणि त्याला दालन म्हणत नाही. गणपतीचा मांडव. पायरी नाही, तिकीट नाही, खर्च वर्गणीतून, देखावा गल्लीतल्या पोरांनी रात्री जागून केलेला, आणि बघायला जातधर्म न विचारता सगळे. वस्तीच्या कलादालनाच्या सगळ्या अटी तो पुऱ्या करतो. फक्त दहा दिवसांनी विसर्जन होतं आणि कसली नोंद उरत नाही.

भिंतीचं गणित

"जागा कुठाय?" हा नेहमीचा प्रश्न. माझ्या हिशेबाने जागा ही सर्वात लहान अडचण आहे. जुन्या सभागृहाची एक भिंत पुरते. चुन्याच्या भिंतीत खिळा धरत नाही आणि ठोकला तर गिलावा निघतो, म्हणून वरच्या बाजूला एक पट्टी बसवायची आणि तारेने चौकटी टांगायच्या. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर यावा. मुलं आणि चाकाच्या खुर्चीतली माणसं येणार असतील तर आणखी खाली. जुने फोटो आणि कागद यांना 50 लक्सपेक्षा जास्त उजेड नको, ऊन तर नकोच. पावसाळ्यात ओलीची भिंत सोडायची. मूळ फोटो टांगायचेच नाहीत. स्कॅन करून प्रत लावायची आणि मूळ त्याच दिवशी घरी परत. घरातली म्हातारी माणसं फोटो देत नाहीत ती परत न मिळण्याच्या भीतीने, आणि ती भीती रास्त आहे.

खरी अडचण किल्लीची. संध्याकाळी सहा ते नऊ दार कोण उघडणार? ज्या संस्थेची किल्ली एकाच माणसाकडे असते, तिथलं प्रदर्शन त्या माणसाच्या तब्येतीवर चालतं. चार घरांत चार किल्ल्या आणि वाराप्रमाणे पाळी, एवढं जमलं तर बाकीचं जमतं.

पहिलं प्रदर्शन कशाचं

मला वाटतं, पहिलं प्रदर्शन चित्रांचं नसावं. 7 फेब्रुवारी 2020 रोजी जे.बी.एस. ते एम.जी.बी.एस. ही मेट्रो सुरू झाली आणि सुलतान बाजाराच्या डोक्यावर कायमचं छत आलं. व्यापाऱ्यांनी बरीच वर्षं विरोध केला होता. मी मेट्रोच्या विरोधात नाही. रोज वापरतो. पण त्या रस्त्याचा आधीचा चेहरा आता रस्त्यावर उभं राहून दिसत नाही. तो आहे घराघरांतल्या ट्रंकांत: लग्नाच्या वरातीचे फोटो, दुकानाच्या उद्घाटनाचे फोटो, मागे चार लिप्यांतल्या पाट्या. आणि ती घरं आता कोठीतून उठून दूरच्या फ्लॅटांत चालली आहेत. ट्रंक उचलायच्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडतो तो कागद. तो रद्दीत जातो. कोठीच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं चाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून मंडळापुढे प्रस्ताव असा. येत्या हिवाळ्यात तीन आठवडे, एक भिंत, संध्याकाळी सहा ते नऊ, रविवारी दिवसभर. विषय, मेट्रोच्या आधीचा सुलतान बाजार. ओळी मराठी, तेलुगू, उर्दू आणि हिंदीत. प्रत्येक फोटोखाली एक कोरा कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल, म्हणजे बघणाऱ्याने "हे आमचं दुकान", "हा माणूस कोण ते मला माहीत आहे" असं तिथेच लिहावं. प्रदर्शन उतरवलं की ते कागद ग्रंथालयात बांधून ठेवायचे. दार रस्त्याच्या पातळीवरच असावं. पायरी असेल तर फळी टाकू, ती मी करून देतो. ज्यांच्याकडे फोटो आहेत त्यांनी पुढच्या बैठकीला आणावेत आणि किल्लीच्या पाळीसाठी आपला वार सांगावा.