खाडा कुणाच्या नावावर?

दसरा झाला की परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याच्या आसपासच्या गावांतून गाड्या भरू लागतात. भांडीकुंडी, धान्याची पोती, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरं! ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघालेली ही बिऱ्हाडं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात.

या बिऱ्हाडांचा कारभारी म्हणजे मुकादम. माणसं कशी सांभाळावीत हे शिकवायला हल्ली शहरांतून वर्ग निघालेत म्हणे. मुकादम ते कुठल्याही वर्गात न जाता करतो. उचल देतो, टोळी जमवतो, भांडणं मिटवतो. पण मैत्रिणींनो, त्याच्या हिशेबाचं माप ऐका: नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’! उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. राबायचं मात्र दोघांनी. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. पहाटेची चूल तिचीच.

दोघांतलं एक आजारी पडलं की कोयता थांबतो. तो खाडा, आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. बाईच्या मागे तर महिन्याचे चार दिवस आहेत, गरोदरपण आहे, अंगावरून जाणं आहे. फडात ना आडोसा, ना पुरेसं पाणी. दुखणं अंगावर काढायचं, दुसरं काय?

याचा शेवट कुठे होतो ते २०१९ साली उघड झालं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सगळ्याच काही खाड्यापायी नव्हेत. लहान वयातली लग्नं, लागोपाठची बाळंतपणं, कॅन्सरची घातलेली भीती, हेही होतंच. पण खाड्याची धास्ती कित्येकींच्या तोंडून ऐकू आली.

सारा दोष मुकादमाच्या माथी मारून मोकळं होणं सोपं आहे. उचलीला जामीन तोच असतो. कोयते पळाले तर भरपाई त्याच्याच मानेवर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, चांगलं झालं. पण दर टनाला असतो. आजारी बाईच्या दिवसाला नसतो.

याच्या उलट आपल्याकडची खुरपणी बघा. आठ-दहा बायका ओळीने पाती धरतात. त्यांना गोळा करून आणणारी एक वयस्क बाई असते. कुणाला दिवस गेलेत, कुणाचं पोर तापानं फणफणलंय, सगळं तिला ठाऊक. एखादीची पात मागे पडली की ती शेजारणीला नुसती खूण करते. दोघी-तिघी मिळून ती पात पुढे आणतात. मालकाला कळतही नाही! कोयत्यात दोघंच, आधाराला तिसरं कुणी नाही. मन असलेला मुकादम नेमकं हेच करू शकतो: आजारी बाईची मोळी टोळीत थोडी थोडी वाटून द्यायची आणि वहीत खाडा मांडायचा नाही.

आपल्यापैकी कित्येकींचं गावाकडे दोन-चार एकर रान असतं, आणि ‘यांना’ नोकरीतून सवड नसल्यामुळे मजुरांचं आपणच बघतो. तेव्हा त्या गोळा करणाऱ्या बाईशी आधी बोलावं. कुणाला हलकं काम द्यायचं ते तिलाच ठरवू द्यावं. आपण बांधावरून ओरडू नये. माठ भरलेला असावा. चार बांबू आणि जुनं लुगडं एवढ्यात आडोसा होतो, त्याला काय खर्च? कामावर पिण्याचं पाणी, पोरांना सावली हे महाराष्ट्राच्या रोजगार हमीने सत्तरीच्या दशकातच मान्य केलेलं आहे. सारख्या कामाला बाईला सारखी मजुरी, हेही १९७६ सालीच कायद्याने ठरलेलं! तरी आपण ‘बाईची हजेरी’ वेगळी सांगतोच, नाही का?

मजुरी जिची तिच्याच हातात द्यावी. नवरा संध्याकाळी न्यायला आला तरी. आणि कापूस वेचणीला किलोवर पैसे असतात, तेव्हा वजन करताना काटा तिला दिसेल असा धरावा, आकडा मोठ्याने म्हणावा आणि तिच्या देखत वहीत लिहावा.