शाळेच्या दिवशीच पोट का दुखतं?

शाळेच्या वेळेला पोट दुखतं, रविवारी मात्र पोरगं ठणठणीत! वस्तीत अशी तक्रार ऐकली की जंताच्या गोळीआधी आम्ही विचारतो : शाळेत त्याला कोण काय म्हणतं? झोपेत दचकणं, मोठं झालेलं लेकरू पुन्हा अंथरूण ओलं करू लागणं, वही-डबा सारखा ‘हरवणं’, यामागे छळ असू शकतो. हे नाटक नव्हे. भीतीनं पोटात खरोखर कळ येते. ताप, उलटी असेल किंवा दुखणं टिकलं, तर डॉक्टरांना दाखवावंच.

आपल्या लेकरांना चिडवण्याला जातीची धार असते. आडनाव, वस्तीचं नाव, शिष्यवृत्ती, काहीही पुरतं. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातून ऊसतोडीला गेलेल्या घरचं मूल उन्हाळ्याच्या तोंडावर वर्गात परततं, तेव्हा अभ्यास बुडालेला असतो आणि हसणारे तयारच असतात. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना गोणपाटावर वेगळं बसावं लागे. शिपाई नसला की पाणी मिळत नसे. ७ नोव्हेंबर १९०० हा त्यांचा तिथला प्रवेशदिन आता विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. हार, भाषणं होतात. आज पाण्याच्या टाकीजवळ काय चालतं, हे त्या दिवशी कुणी विचारतं का?

मुख्याध्यापकांचं ठरलेलं उत्तर : ‘लहान आहेत, चालायचंच.’ आम्हाला ते मान्य नाही. नॉर्वेत १९८३ पासून शाळाशाळांत छळविरोधी मोहीम झाली आणि बर्गन शहरातल्या शाळांत छळ जवळपास निम्म्यावर आला. तो श्रीमंत देश, असं कुणी म्हणेल. मग बिहार घ्या. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग झाला. काही शाळांत भित्तिपत्रक, तक्रारपेटी, मुलांचे गट आणि ऐकून घेणारं एक माणूस दिलं. ते माणूस मानसोपचारतज्ज्ञ नव्हतं. त्याच भागातलं, प्रशिक्षण दिलेलं. तिथे छळही घटला, नैराश्यही. तेच काम जिथे शिक्षकांवर सोपवलं, तिथे फरक पडला नाही. २०१८ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे नुसती पेटी टांगून भागत नाही. आपल्या वस्त्यांत पदवी घेऊन बसलेल्या किती मुली आहेत! त्यांना हे काम नक्की जमेल.

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं सखी सावित्री समितीही सांगितली आहे. मातांनो, पुढच्या बैठकीला जा. पेटी कोण उघडतं, किती दिवसांनी, तक्रारीवर काय केलं ते कुठे लिहिलंय, एवढं विचारा. वहीतली नोंद दाखवायला सांगा. मुलाचं नाव चारचौघांत घेऊ देऊ नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी मार त्यालाच.

आणि आपलंच पोरगं पारध्याच्या, लमाणाच्या किंवा मुसलमानाच्या लेकराला चिडवत असेल तर? तेही घरात विचारायला हवं.

चाइल्डलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६, दोन्ही फोन मोफत, रात्रीही चालू असतात. ‘मला जगायचंच नाही’ असं मूल बोललं, तर रागावू नका, एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घराबाहेर काढा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.