मुठीएवढं शिरस्त्राण

पीटर जॅक्सनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रत्रयीतली (२००१–०३) शिरस्त्राणं न्यूझीलंडच्या वेटा वर्कशॉपनं घडवली. त्यांच्या एक-चतुर्थांश प्रतिकृती संग्राहकांसाठी बाजारात आल्या.

उंची चौथाई झाली की आकारमान चौसष्टावा हिस्सा उरतं. खरी गोम जाडीत आहे: दीड मिलिमीटरचा पत्रा त्याच हिशेबानं ०.४ मिलिमीटरवर येतो आणि रेझिनची एवढी पातळ भिंत साच्यातून काढतानाच तडकू शकते. म्हणून जाडी मुद्दाम जास्त ठेवावी लागते. बघणाऱ्याला ते कळत नाही, कळूही नये.

भोसरी-चाकणच्या प्रोटोटाइपवाल्यांना साच्यात रेझिन ओतायचं हे तंत्र परकं नाही. गाडीतल्या बटणांचे, जाळ्यांचे नमुने असेच निघतात: थ्रीडी प्रिंटचा घासून गुळगुळीत केलेला मास्टर, त्याभोवती सिलिकॉनचा साचा, मग व्हॅक्यूममध्ये रेझिन, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. साचा वीसेक नगांत थकतो. हजारोंनी माल हवा तर पोलादी डाय आणि झामॅक: सुमारे ९६ टक्के जस्त, ४ टक्के ॲल्युमिनियम, ३८५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणारा. हातात घेताच वजन जाणवतं. पण शिरस्त्राणाच्या नाकपट्टीमागच्या खाचा सरळ डायमधून सुटत नाहीत. त्यांना सरकते कोअर लागतात, आणि डायचा खर्च तिथंच चढतो.